टबातलं पाणी जातं कुठे?

अण्णांनी पाठीवर पंप वाहिला, म्हणून मी बी.एस्सी. झाले. माझे वडील नगरपालिकेच्या मलेरिया खात्यात फवारणीला होते. माझी शाळा सकाळची, धाकटीची दुपारची आणि दप्तर एकच! त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. वनस्पतिशास्त्र, फर्स्ट क्लास. (हे मी कोणी न विचारताही सांगते.)

म्हणूनच तर सगळं झालं. इंग्लंडात, स्लाऊ गावात, आमच्या शेजारी डोरीन राहायची. नवरा गेलेला, त्याने खणलेलं तळं बुजवलेलं, त्यातलं एकच झाड उरलं होतं: मार्श मॅरिगोल्ड. नाव मॅरिगोल्ड, पण आपल्या झेंडूशी काही नातं नाही. इथल्या दलदलीत उगवतं आणि वसंतात लोण्यासारखी पिवळी फुलं देतं. कंबरेचं ऑपरेशन झाल्यावर डोरीन लेकीकडे वेल्सला निघाली. झाड सांभाळशील का, असं तिने कुंपणावरून विचारलं. मी म्हणाले, "आय ॲम अ बॉटनिस्ट." (तेव्हा मी एका वेअरहाऊसच्या ऑफिसात पार्सलांच्या तक्रारी ऐकत होते.)

"याचे पाय सतत पाण्यात हवेत हं," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये आले की फुलं बघायचीत मला. त्याच्या हातचं एवढंच राहिलंय."

जाळीच्या टोपलीतलं ते झाड मी मागच्या अंगणात टबात ठेवलं आणि टब काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येऊन बघते तर टब कोरडा. पुन्हा भरला. पुन्हा कोरडा! पानं माना टाकायला लागली.

माझा नवरा सतीश म्हणाला, टबाला चीर असेल. नवा टब आणला. तोही कोरडा. कोल्हा म्हणावा, तर कोल्हा पाणी पिईल. टब रिकामा करून टोपली पुन्हा जागच्या जागी, सरळ कशाला ठेवील? चोर व्यवस्थित होता. मग मला दुसऱ्या बाजूचा शेजारी कीथ दिसायला लागला. त्याचा डोळा दरवर्षीच्या बागेच्या बक्षिसावर. वर रोज कुंपणावरून "लव्हली डे" म्हणायचा. पाऊस पडत असतानाही! माणूस उगीच इतका गोड बोलतो का? मी त्याला हसणं बंद केलं. त्याने दिलेला लेमन केक आधी सतीशला खाऊ घातला आणि अर्धा तास नवऱ्याकडे बघत बसले.

शेवटी अण्णांना कामाला लावलं. ते सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते आणि दुपारी कंटाळायचे. म्हटलं, अण्णा, मागे खुर्ची टाकून बसा, अंगणात कोण परका येतो ते बघा. जन्मभर सरकारी ड्यूटी केलेला माणूस. माकडटोपी घालून सकाळीच हजर. संध्याकाळी विचारलं की एकच रिपोर्ट: "कोणी परका फिरकला नाही."

आणि टब कोरडा!

मग एके दिवशी मी आजारपणाची रजा टाकली आणि बाथरूमच्या खिडकीतून पाळत ठेवली. अण्णांनी चहा संपवला. उठले. टोपली अलगद बाहेर काढली, टब उपडा केला, आतून हात फिरवून खात्री केली, टोपली परत ठेवली आणि मागच्या दारावर खडूने तारीख घातली. तपासणी झाली की दारावर तारीख, ही खात्याची पद्धत! (ते आकडे मी त्यांच्या गोळ्यांचा हिशेब समजत होते.)

मी तशीच खाली धावले. "अण्णा, तुम्ही?"

"मग काय, साचलेलं पाणी ठेवू? तू शिकलेली आणि अंगणात डासांचा कारखाना?"

"इंग्लंडात मार्च महिन्यात कुठले डास?"

"डास कॅलेंडर बघून येतो होय?"

"रोज मी विचारत होते, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू परका माणूस आला का विचारत होतीस. मी परका आहे का?"

मग तो टब कोणासाठी आहे, हे मी त्यांना सांगितलं. डोरीनच्या नवऱ्याचं ऐकल्यावर अण्णांनी स्वतःच टब भरायला घेतला. मग म्हणाले, "आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. टब घासायचा, लगेच भरायचा. अळी धरत नाही. माझ्याकडे लागलं ते."

एप्रिलमध्ये डोरीन काठी टेकत आली. टबभर पिवळी फुलं. एका फुलाला बोट लावून ती उभी राहिली. मग दारावरच्या खडूच्या तारखांकडे बघून तिने अण्णांचाच हात हातात घेतला. "किती शिस्तीने नोंदी ठेवल्यात! घरातले खरे बॉटनिस्ट तुम्हीच ना?"

अण्णांना इंग्रजीतले दोनच शब्द येत. ते दोन्ही त्यांनी वापरले: "यस, यस."

झाड जगलं, फुललं. मी आत गेले, चहा टाकला आणि इतक्या दिवसांनी हसून एक कप कीथला नेऊन दिला. तो आधी चहाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. घोट मात्र घेतला नाही.