प्रभारींचा विकास आराखडा

प्रभारींची आणि त्या पुस्तकांची पहिली भेट झाली तेव्हा अख्खी इमारत हादरली, असं देवघेवीच्या खिडकीवरच्या बाई आजही सांगतात. खरं तर टेम्पोवाल्याने खोकी जिन्याच्या तोंडाशी आदळली म्हणून ती हादरली. पण पुढे जे झालं ते पाहता बाईंना खोटं पाडायला जीभ वळत नाही. प्रभारींनी पहिल्या खोक्याची चिकटपट्टी नखाने सोलली, झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही. बाईंना वाटलं, घेरी आली. त्या पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या, तर खोक्याच्या तळातून आवाज घुमला, "बाई, शहरं आहेत हो... नुसती शहरं!" बायकोला पहिल्यांदा भेटले तेव्हा हाच माणूस तासभर छताचा पंखा बघत बसला होता. इथे मात्र नजरानजर झाली ती झालीच.

खोक्यांत होती कुठल्याशा संस्थेने वाचनालयाला भेट दिलेली नवी पुस्तकं. शहरं कशी वाढतात, नगररचना कशी करतात, रस्ता कुणाचा, पाणी कुणाचं, दक्षिण आशियातली माणसं गाव सोडून शहरात का येतात आणि आल्यावर त्यांना कोण कसं वागवतं, अशा विषयांवरची. जाडजूड, गुळगुळीत कागदाची, पोटात घडी घातलेले नकाशे असलेली. त्याआधी तिथे आलेलं सगळ्यात नवं पुस्तक मधुमेहावरचं होतं, आणि त्याच्या समासात कुणीतरी स्वतःची साखर लिहून ठेवली होती.

आता प्रभारी कोण, ते सांगायला हवं. जुने मुख्य ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा समितीने यांना सांगितलं, "नवा माणूस नेमेपर्यंत जरा बघा." तेव्हापासून हे बघतच होते. खुर्ची मुख्य ग्रंथपालाची, किल्ल्या मुख्य ग्रंथपालाच्या, बोलणी खायची तीही मुख्य ग्रंथपालाचीच; फक्त दारावरच्या पाटीत आणि सहीखालच्या शिक्क्यात 'प्रभारी' हा शब्द गोचिडीसारखा रुतून बसलेला. इतकी वर्षं, की लोक त्यांचं नाव विसरले. दूधवाला त्यांना प्रभारी म्हणे. सासरे तर चारचौघांत 'हे आमचे प्रभारी जावई' अशी ओळख करून देत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की कायमस्वरूपी जावयाची नेमणूक अजून व्हायची आहे. तो एक शब्द गळून पडावा, एवढंच त्या माणसाला आयुष्याकडून हवं होतं.

बाकी आयुष्याबद्दल त्यांना तुच्छताच होती. वाचकांबद्दल विशेष. वाचनालयाचं जे काही नुकसान होतं ते वाचकांमुळे, यावर त्यांची श्रद्धा. पुस्तक नेतात, मळवतात, आणि वर पुन्हा तोंड वर करून परत आणून देतात! 'एखादी चांगली कादंबरी आहे का?' असं विचारणाऱ्याकडे ते असं बघत, जणू त्याने औषधाच्या दुकानात चपला मागितल्या. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना तर ते वाचकांत धरतच नसत. ते त्यांच्या लेखी हवामान होतं. सकाळी येतं, खोकतं, दुपारी निवळतं.

या हवामानाचे प्रमुख म्हणजे त्यांचे सासरे. पाणीपुरवठ्यात मीटर तपासण्यात हयात घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर खिडकीजवळच्या लांब टेबलाची उजवी खुर्ची त्यांची. उजेड मागून येतो, रस्ता समोर दिसतो आणि जावई नजरेच्या टप्प्यात राहतो, असे तिचे फायदे ते कुणालाही सांगत. जावयाला आयुष्यात दोनच ठिकाणी छळता येतं, घरी आणि कचेरीत. या गृहस्थांनी दोन्ही आघाड्या सांभाळल्या होत्या.

तर पुस्तकं आली आणि प्रभारी वाचायला बसले. वाचलं म्हणजे प्रस्तावना वाचल्या, नकाशे उलगडले आणि उपसंहारावरून नजर फिरवली. मधली तीनशे पानं पुराव्यांची असतात आणि थोरामोठ्यांकडे पुरावा मागणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण तेवढ्यानेही काम झालं. एका सकाळी ते दालनाच्या मधोमध उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले,

"बाई, हे वाचनालय नाही. ही अनधिकृत वस्ती आहे."

"मग आता काय करायचं सर?"

"आराखडा!"

बाईंना वाटलं, नव्या पुस्तकांना क्रमांक घालून मांडणीवर लावायचं, एवढंच असेल. भोळी बाई. प्रभारींनी अख्ख्या वाचनालयाचं शहर केलं. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत हमरस्ता. इतिहासाची कपाटं म्हणजे जुनं शहर, तिथे दुरुस्तीला बंदी, म्हणून तुटलेली फळीही तशीच. रहस्यकथा औद्योगिक पट्ट्यात, कारण तिथे वर्दळ आणि धूळ. कायदा आणि धर्म शेजारी शेजारी, का तर मिश्र वापर. कपाटांमधल्या बोळांत फरशीवर रंगाने बाण काढले. सगळे रस्ते एकदिशा. तत्त्वज्ञानाला जायचं असेल तर आधी पाककृती, मग पशुवैद्यक आणि मग बालसंगोपन ओलांडायचं. परत फिरायला मनाई. शब्दकोशासाठी आत शिरलेला एक शिक्षक घटकाभराने बागकामाचं पुस्तक घेऊन बाहेर पडला, आणि पुन्हा आत जायची हिंमत नाही म्हणून तेच घरी घेऊन गेला.

दालनाच्या मध्यभागी मोठी मोकळी जागा. तिचं नाव चौक. चौकात काय ठेवायचं, असं बाईंनी विचारलं.

"काही नाही. चौक असतो."

"पण मग लोकांनी तिथे करायचं काय?"

"लोकांनी काय करायचं ते पुस्तकात नाही," प्रभारी म्हणाले. त्यांनी वाचलेल्या भागात ते खरोखरच नव्हतं.

नव्या पुस्तकांना अर्थातच उत्तम वस्ती मिळाली. समोरच काचेचं कपाट, कुलूप लावलेलं. फक्त एका पुस्तकाने छळ मांडला. कामासाठी गाव सोडून शहरात येणाऱ्या, पुन्हा गावी जाणाऱ्या, पुन्हा येणाऱ्या माणसांवरचं होतं ते. "स्थलांतरितांवरचं पुस्तक एका जागी ठेवणं म्हणजे विषयाशी प्रतारणा," असा निवाडा देऊन प्रभारी दर आठवड्याला ते नव्या जागी हलवत. कधी शेतीत, कधी औद्योगिक पट्ट्यात. बाईंनी सुचवलं, "सर, याला साधा क्रमांक देऊन टाकू या का?" प्रभारींनी त्यांच्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की बाईंना आपल्याला काही आजार झाला आहे असं वाटलं.

आराखडा म्हटला की अतिक्रमण आलंच. ते निघालं खिडकीजवळ. तिथे हरित पट्टा येणार होता, म्हणजे दोन कुंड्या. एक दिवस सासरे आले, तर टेबलावर नोटीस चिकटवलेली: 'सदर बांधकाम आठ दिवसांत हलवावे.'

"जावईबापू, हे टेबल आहे," सासरे म्हणाले.

"नकाशात ते नाही."

"नकाशात तुम्ही तरी कुठे आहात?"

पण टेबल हललं. त्याचं पुनर्वसन जिन्याशेजारच्या बोळात, संडासाच्या भिंतीला लागून झालं. तिथे उजेड इतका बेताचा की म्हातारी मंडळी मोठे मथळे वाचून बाकीचं अंदाजाने ठरवू लागली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अंदाजाने एक सरकार पाडलं.

घरी बायकोने जेवण वाढताना विषय काढला. "अहो, बाबांची खुर्ची का काढलीत? त्यांना त्या बोळात दिसत नाही."

"शहराच्या हितासाठी काही लोकांना त्रास होतोच."

"कुठलं शहर? तुमच्या त्या खोल्या? तिथे पावणेदोन माणसं येतात, त्यातले दीड माझे वडील!"

प्रभारींनी ताक मागितलं. घर हा त्यांच्या मते नियोजनाबाहेरचा प्रदेश होता.

आणि मग बातमी आली. समिती नवी पुस्तकं पाहायला येणार, आणि त्याच महिन्याच्या बैठकीत मुख्य ग्रंथपालाची नेमणूक कायम करण्याचा विषय घेणार. प्रभारींच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी बाण पुन्हा रंगवले. हरित पट्ट्यातली एक कुंडी वाळली होती, ती भिंतीकडे वळवली. बायकोने मात्र खरा धोका ओळखला. भेटीच्या सकाळी ती वडिलांकडे गेली.

"बाबा, आज एक दिवस तोंड उघडू नका. यांचं इतक्या वर्षांचं अडलंय."

"मी कशाला बोलू?"

"बाबा."

"बरं बाई. शब्द दिला. तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

समिती आली. अध्यक्षबाई पुढे, खजिनदार मागे, आणि कुठल्याही समितीत असतो तसा एक माणूस, ज्याचं काम घड्याळ पाहणं. प्रभारींनी हमरस्त्यावरून त्यांना नेलं, बोळांचं, पट्ट्यांचं, मिश्र वापराचं विवरण केलं. खजिनदार सहज म्हणून पशुवैद्यकाकडे वळले ते परत दिसले नाहीत, अधूनमधून आतून "इकडून बाहेर जाता येतं का?" अशी हाक ऐकू येई. अध्यक्षबाई ऐकत होत्या. त्या कुठल्याशा महाविद्यालयात शिकवत आणि दुर्दैवाने त्यांना पुस्तकं वाचायची सवय होती.

"त्या भेट आलेल्या पुस्तकांत स्थलांतरितांवरचं एक पुस्तक आहे," त्या म्हणाल्या. "ते जरा दाखवता?"

प्रभारींचा चेहरा उतरला. ते शेतीत पाहून आले. औद्योगिक पट्टा धुंडाळला. देवघेवीच्या बाई जुन्या शहरात वाकून बघू लागल्या. या आठवड्यात आपण ते कुठे ठेवलं, हेच प्रभारींना आठवेना, आणि ते पुस्तक आपल्या विषयाला जागून शहरात कुठेतरी हरवलं होतं.

"मॅडम, ते सध्या फिरतीवर आहे."

"म्हणजे कुणी नेलंय?"

"तसं नाही... धोरण आहे."

तेवढ्यात अध्यक्षबाईंचं लक्ष चौकात गेलं. जिथे काहीच नसायचं होतं तिथे बरोबर मध्यभागी एक खुर्ची होती, खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते आणि त्यांच्या हातात ते पुस्तक. बोळातला दिवा सकाळी गेला होता, म्हणून सासरे खुर्ची उचलून उजेडात आले होते. आणि पुस्तक शहराच्या सीमेवर असावं म्हणून प्रभारींनीच या आठवड्यात त्या बोळात नेऊन ठेवलं होतं.

अध्यक्षबाई हरखल्या. एवढ्या सगळ्या नव्या पुस्तकांत एका तरी पुस्तकाला वाचक मिळाला होता.

"आजोबा, कसं वाटलं हे?"

सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"नाही, इथे बोललेलं चालेल. तुम्ही रोज येता?"

मान हलली.

"ग्रंथपाल मदत करतात?"

सासऱ्यांनी प्रभारींकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "मुलीला शब्द दिलाय. आज मी काहीही बोलणार नाही."

पशुवैद्यकातून खजिनदारांनी "काय म्हणाले?" असं विचारलं. प्रभारींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "बोला हो, बोला!" ते ओरडले. "काय बोलायचं ते एकदाचं बोलून टाका! माझ्या आराखड्यात न बोलण्यासारखं काय आहे?"

"जावयाचीच परवानगी आली," सासरे म्हणाले आणि त्यांनी पुस्तक मिटलं. "मॅडम, सापडेल तिथे गाठून निम्मं वाचलंय. लेखक फार लांबण लावतो, पण खरं बोलतो. तो म्हणतो, कोण कुठे बसतं ते आधी बघावं आणि मग रेघ मारावी. आमच्या जावयांनी आधी रेघ मारली. पण माणूस वाईट नाही. शिक्क्यातला तो शब्द काढायला मीही सांगेन तुम्हाला, आत्ताच्या आत्ता. फक्त आमचं टेबल खिडकीशी परत येऊ द्या."

एवढंच होतं. अध्यक्षबाईंनी प्रभारींकडे पाहिलं. घड्याळवाल्यानेसुद्धा घड्याळ सोडून त्यांच्याकडे पाहिलं. दोन माणसांनी एक टेबल उचलायचं, बस. देवघेवीच्या बाई तर पदर खोचून एका टोकाला धरायला निघाल्याही. प्रभारींनी 'हो' म्हणायला तोंड उघडलंही असावं. पण आयुष्यभर ज्यांना हवामान समजले, त्यांच्या सांगण्यावरून शहराची रचना बदलायची?

"तिथे टेबल येणार नाही," ते म्हणाले. "तो हरित पट्टा आहे."

अध्यक्षबाईंनी खिडकीकडे पाहिलं. "कुठे?"

प्रभारींनी कुंडी दाखवली. दुसरी दाखवायची त्यांनी टाळली.

"नेमका उपयोग काय हो याचा?"

"हवा," प्रभारी म्हणाले.

खजिनदारांना देवघेवीच्या बाई बाणांच्या उलट्या दिशेने हात धरून बाहेर घेऊन आल्या. समितीने चहा घेतला नाही. जाताना अध्यक्षबाईंनी सासऱ्यांना विचारलं, "पुस्तक घरी नेता?" ते म्हणाले, "नको, पुढच्या आठवड्यात कुठे असतं ते बघतो." यावर त्या हसल्या, आणि ते हसणं प्रभारींनी स्वतःच्या बाजूने धरलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलंसुद्धा, "मॅडम खूश होत्या. नुसत्या हसत होत्या." बायकोने त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. दुसरं काय करणार?

बैठकीत खजिनदारांनी मुद्दा मांडला की मुख्य ग्रंथपालाशिवाय हे वाचनालय इतकी वर्षं चाललंच आहे आणि चालवणाऱ्याने काय चालवलंय तेही आपण पाहिलं आहे. कुणी हरकत घेतली नाही. पद रद्द झालं.