मावसबहिणीचा द्राक्षमळा

माझी मावसबहीण माझ्याहून दीड वर्षाने लहान. आजोळ दोघींचं एकच, कोंढ्याचं; मावशी तिथेच राहायची. बारावीनंतर मी आजारपणात एक वर्ष घरी बसले, म्हणून कृषी महाविद्यालयात आम्ही एकाच वर्गात आलो. मृदाशास्त्रात मी पहिली, ती कशीबशी पास. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत टेबलावर मातीचे नमुने मांडून यादीतल्या नंबरांशी जुळवायला सांगत. ती माझ्याकडे बघून भुवया उडवायची आणि मी ओढणीआड बोटांनी नंबर दाखवायची. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेलीच नाही.

शिक्षण संपल्यावर माझं लग्न भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या शेतकरी घरात झालं. धानाची शेती, तलावाखालच्या चार बांध्या म्हणजे भातखाचरं, बाकीची नदीकडे. ती नाशिककडे एका रोपवाटिकेत नोकरीला गेली आणि तिथून तीन वर्षांनी एका मोठ्या द्राक्षमळ्यात. हा मळा खाण्याच्या द्राक्षांचा नव्हता. तिथे लाल वाईन होत होती आणि तिचं नाव देशात मोठं होतं.

आमच्याकडे मात्र एकच वाक्य पसरलं : "पोरीले दारूच्या कारखान्यात नोकरी लागली." मावशी बिचारी लग्नाकार्यात सांगायची, "ज्यूसची कंपनी आहे, ज्यूसची." मी तिची बाजू घ्यायची. "वाईन वेगळी असते हो काकू, ती हळूहळू मुरवतात," असं मी मोठ्याने, चार बायांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. त्यामुळे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक व्हायचं. तेव्हा मी स्वतःला समजूतदार समजत होते.

मग एक दिवस पेपरात तिचा फोटो आला. त्यांच्या लाल वाईनला परदेशात मोठं पदक मिळालं होतं आणि ती करणाऱ्यांत तिचं नाव दुसरं होतं. मामांनी कात्रण फ्रेम करून बैठकीत लावलं. त्याच काकू आता म्हणू लागल्या, "आपल्या कोंढ्याची नात आहे." माझ्याकडे वळून एकीने विचारलं, "तू पण तेच शिकली होती ना वं?" मी हो म्हटलं आणि चहाचे कप उचलून आत गेले.

हेवा काय असतो ते मला तेव्हापासून कळलं. भात उपसताना, कपडे वाळत घालताना, कुठेही तो मध्येच येऊन उभा राहायचा. मला तिचा पगार नको होता, शहरही नको होतं. तिला मातीबद्दल विचारतात, याचा मला हेवा वाटत होता. मुलाखतीत ती म्हणाली होती, "आमच्या वाईनची चव आमच्या मातीतून येते." वाचताना मला वाटलं, माती मी ओळखायची आणि बोलायची तू?

त्यानंतरच्या हिवाळ्यात मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ते लेकीजवळ करायचं होतं आणि मावशीला एकटीला पाठवणं शक्य नव्हतं. नवरा म्हणाला, "तूच जाऊन ये. तेवढाच बदल." मी नाही म्हणाले नाही. खरं तर मला तो मळा बघायचा होता, आणि तो बघायला लागू नये असंही वाटत होतं.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी मावशीजवळ बाई ठेवून बहिणीने मला मळ्यावर नेलं. फेब्रुवारी होता, खुडणी चालू होती. टेकडीच्या उतारावर वरपासून खालपर्यंत वेलींच्या ओळी, खाली धरणाचं पाणी, आणि मधोमध काळ्या दगडाची इमारत. वारा सतत वाहत होता. तिने मला सगळ्यात वरच्या तुकड्यात नेलं. पाहुण्यांना दाखवायला तिथे माणसाच्या छातीइतका खोल खड्डा खणून ठेवला होता. आम्ही दोघी आत उतरलो.

"पाह्य ताई," ती म्हणाली. चार माणसांत ती शुद्ध बोलते, माझ्याशी अजून घरचंच. "वरती एवढीशी माती, हातभर. खाली निव्वळ मुरूम. पाणी थांबतच नाही. वेलीले खाली खाली जा लागते पाण्यासाठी. म्हणून मणी बारके येतात, साल जाड, रंग गच्च."

मी मुरमातून उतरलेली मुळं बोटाने चाचपली. आमच्या धानाला पाणी बांधून ठेवावं लागतं, हिच्या वेलीला ते निघून जायला हवं. एवढं साधं आहे सगळं, असं मला म्हणावंसं वाटलं. पण ते साधं नव्हतं, हेही दिसत होतं. त्याच जातीची वेल दोनशे पावलं खाली वेगळी चव देते, हे तिने वर्षानुवर्षं ओळीओळीत फिरून शोधलं होतं.

मग तिने मला तळघरात नेलं. तिथे गारवा होता, लाकडाचा आणि आंबूस फळाचा वास होता. पिंपातून काचेच्या नळीने काढून तिने पेल्यात दोन घोट ओतले. मी आयुष्यात तोवर अशा कशाला तोंड लावलं नव्हतं. "गिळावं नाही वाटलं तर थुंक, आम्ही पण थुंकतो," ती हसून म्हणाली. मी थुंकले नाही. आधी जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली, मग काळ्या मिऱ्याची ऊब आली, आणि शेवटी काहीतरी कोरडं, दगडासारखं, बराच वेळ राहिलं. त्या खड्ड्यातला मुरूम मला तोंडात ओळखू आला. इतकं खरं काहीतरी तिने केलं होतं की मला रडू येईल असं वाटलं.

"कशी लागली?"

"ठीक आहे," मी म्हणाले. "थोडी तुरट आहे."

आमच्या घरच्या तलावाखालच्या बांधीतला तांदूळ शिजला की शेजारच्या घरी वास जातो. तोच वाण नदीकडच्या बांधीत लावला तर भात नुसता भात होतो. सासरे हे सांगायचे, मी रोज अनुभवते. पण तो तांदूळ पोत्यात जातो आणि पोत्यावर आमच्या बांधीचं नाव नसतं. तिच्या बाटलीवर त्या तुकड्याचं नाव होतं, उतार कुठल्या दिशेला आहे तेही छापलं होतं. मी ते लेबल दोनदा वाचलं.

दुपारी ती मला मळ्याच्या खालच्या टोकाला घेऊन गेली. "आता माझं दुखणं दाखवतो तुले," म्हणाली. तो दोनेक एकरांचा तुकडा होता. पाच वर्षांपूर्वी यंत्राने जमीन सारखी करून तिने हट्टाने तिथे तिच्या पसंतीची जात लावली होती. वेली निम्म्या उंचीच्या, पानं अवेळी लाल पडलेली, घोसात अर्धे मणी काळे नि अर्धे हिरवे. "वाईनले कच्च्या मिरचीचा वास येते. सल्लागार येऊन गेले. खत झालं, फवारा झाला. पालाश देऊन देऊन थकली मी."

बोलता बोलता तिने कुदळीने एका वेलीच्या बुडाशी खणलं. वीतभर खाली कुदळ थटली. तिने जोर करून एक ढेकूळ उपटलं आणि माझ्या हातात दिलं.

मी ते फोडलं. आत राखाडी माती, आणि तिच्यात गंजाचे बारीक ठिपके. मी ते नाकाजवळ नेलं. पावसाळ्यात पाणी कोंडून राहिलं की जमिनीला येतो तो वास. चिखलणी करून करून आमच्या बांधीच्या तळाला असाच कडक थर बसतो आणि पाणी धरून ठेवतो. आम्हाला तो हवा असतो. इथे यंत्रांच्या वजनाने तसाच थर झाला होता, आणि पावसाळाभर हिच्या वेलींची मुळं पाण्यात गुदमरत होती. मला हे कळायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"काय वाटते ताई तुले?" तिने विचारलं. ती माझ्याकडे अगदी तशीच बघत होती, परीक्षेच्या टेबलापलीकडून बघायची तशी.

मी ढेकूळ खाली टाकलं, हात झटकले. "मले बापा द्राक्षातलं काय समजते? मी धानवाली."

तिने कुदळ खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "चाल, आई वाट पाहत असन."

पुढचे दोन दिवस मी तिच्या घरी राहिले, मावशीचं करत राहिले आणि गाडीत बसले. परतीच्या सबंध प्रवासात मी स्वतःला सांगत होते की तिच्याकडे इतके सल्लागार आहेत, त्यांचं ते बघतील.

चैत्रात मावशी चालती होऊन कोंढ्याला परतली. मी भेटायला गेले. गुडघ्याचं सांगून झाल्यावर तिचा आवाज बारीक झाला. "पोरगी लय रडून राहिली होती. तो खालचा तुकडा बिघडला ना, मळ्याचा मालक म्हणते तिचीच निवड चुकली. पुढच्या साली वाईन दुसऱ्याच्या हाती देईन म्हणते."

ते ऐकून सगळ्यात आधी मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. लिहायला लाज वाटते, म्हणून लिहिते आहे. आणि मावशी समोर डोळे पुसत होती. मग मलाच माझी भीती वाटली. मी अंगणात गेले आणि तिला फोन लावला.

"त्या तुकड्यात पाणी तुंबते," मी म्हणाले. "वीतभर खाली कडक थर आहे. खतानं काही होत नाही. तो फोडा लागते आणि नाल्याकडे चर काढा लागते."

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "मागच्या आठवड्यात सगळ्या वेली उपटल्या ताई. आता नवीन कलमं लावणार आहेत, तिथंच."

"ती पण मरतीन."

"तुले हे आता समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. मावशीशी बोलताना सुचलं, असं म्हणता आलं असतं. "नाही," मी म्हणाले. "त्याच दिवशी समजलं होतं. माती हातात घेतल्याबरोबर."

"मग काहून नाही सांगितलं?"

"तुझा हेवा वाटला मले."

फोनवर मागे कुठेतरी पंप चालू असल्याचा आवाज येत होता. "मी तुले मुद्दाम तिथं नेलं होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, ताई सांगन." आणि फोन ठेवला.

आठ दिवस तिचा फोन आला नाही. नवव्या दिवशी फक्त एवढाच निरोप आला : पावसाच्या आधी ये, मालकांना तू समजावून सांग.

मी गेले. कडक उन्हात त्या रिकाम्या तुकड्यात चार ठिकाणी खड्डे करायला लावले, ठिपके दाखवले, पाणी कुठून कुठे जाईल ते काठीने आखून दिलं. यंत्राने तो थर फोडताना मी बांधावर उभी होते. मजूर मला भंडाऱ्याच्या मॅडम म्हणत होते. मालक आले तेव्हा बहीण त्यांना म्हणाली, "ही माझी ताई. मातीचं जे काही मला येतं ते हिनेच शिकवलंय." फेब्रुवारीतल्या दिवसाबद्दल ती अवाक्षर बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही कधी माझ्यासमोर नाही. एवढा मोठेपणा मला जमला नसता, आणि तिच्या बाजूला उभी राहून मला त्याचाही हेवा वाटला.

वाईन तिच्याच हाती राहिली. आम्ही बोलतो, पूर्वीसारख्या रोज नाही. पण मातीचं काही अडलं की ती फोन करते आणि मी लगेच सांगते, कधी कधी तिने विचारायच्या आधी.

यंदा त्या तुकड्यातल्या नव्या वेलींना पहिल्यांदा घोस लागले. तिने फोटो पाठवला : पानं हिरवी, मणी सारखे काळे. मला बरं वाटलं. दुपारी कोंढ्याला काम काढून गेले आणि मावशीच्या ओसरीवर बसून, सहज विषय निघाल्यासारखं करून म्हणाले, "त्या खालच्या तुकड्यातलं पाणी मीच काढायला लावलं होतं, माहीत आहे का तुले?"

"माहीत आहे ना," मावशी सुपातली डाळ पाखडत म्हणाली. "पोरीनं कवाच सांगतलं. येईल त्या प्रत्येकाले सांगते ते."