कोनं मोजलं सर

हे लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगतो आणि माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लेखबिख लिहिण्याची आमच्याकडे रीत नाही. त्यातून ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते सर प्रत्येक वाक्याखाली लाल पेनने 'हे कुठून आणलं?' असं लिहायचे. इथे दाखवायला माझ्याकडे फक्त आठवण आहे, आणि आठवणीला सर सगळ्यात भिकार सोर्स म्हणायचे.

त्यांना आम्ही 'कोनं मोजलं सर' म्हणायचो, अर्थात तोंडावर नाही. समोरचा काहीही बोलो, सरांचा प्रश्न ठरलेला. एका लग्नात मुलीचे मामा कौतुकाने म्हणाले, हजारावर पान उठलं. सर हातात जिलबी धरून म्हणाले, "कोनं मोजलं?" मामांचा चेहरा उतरला. सरांनी जिलबी संपवली. खोड काढायचा त्यांचा हेतू नसायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं, आणि तेच जास्त वाईट होतं.

सर आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायचे, म्हणजे दर जूनला त्यांची नोकरी नव्याने सुरू व्हायची किंवा व्हायची नाही. गळ्यात काळ्या करदोट्यात ओवलेला पेनड्राइव्ह असायचा. त्यात देशभरच्या पाहण्यांच्या आणि जनगणनेच्या फायली होत्या. त्या सरकारच्या साइटवर कोणालाही फुकट मिळतात, हे मला एम.ए.ला येईपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, आकडे पुस्तकातच उगवतात.

मला पहिली फाइल मिळाली तेव्हा मी घाईघाईने रकाने चाळले आणि धावत सरांकडे गेलो. म्हणालो, "सर, काही घरांत एकेका बाईला नव्व्याण्णव मुलं आहेत."

सर उठले. हात जोडले. "चाल बे, पाया पडून येऊ त्या माउलीच्या. अंगनवाडी तिच्या घरातच भरत असन." मग त्यांनी फाइलीसोबतची पुस्तिका माझ्यासमोर आपटली. नव्व्याण्णव हा 'उत्तर मिळालं नाही' याचा कोड होता. "अक्षता टाकाच्या आधी मांडव कोनाचा हाय ते पायतं का नाही मानूस? आधी पुस्तिका वाच, मंग फाइल उघड." त्या दिवसापासून वर्गातली पोरं मला 'माउली' म्हणायला लागली.

माझा प्रकल्प मोताळा तालुक्यातल्या बायकांच्या शेतकामावर होता. जनगणनेच्या तक्त्यात माझं गाव शोधलं, तर निम्म्याहून जास्त बायका काम न करणाऱ्यांच्या रकान्यात. मी निमूटपणे लिहिलं, 'महिलांचा कल घरी राहण्याकडे दिसतो.'

सरांनी वाचलं. "तुही माय काय करते बे?"

"शेतात जाते, सर."

"मंग ह्या तक्त्यात तुही माय कुठी हाय? घरी जाऊन विचार, मोजनारा आल्ता तवा दारात कोन उभं होतं."

जनगणना झाली तेव्हा मी लहान होतो. घरी जाऊन विचारलं. बाबा म्हणाले, "मीच होतो. बाईचं विचारलं तं सांगतलं, घरीच असते." नेमकी तेव्हाच आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन दारात आली. "घरी असते? मंग कापूस कोन येचते, तुह्या बापाचं भूत?" बाबांनी विषय बदलायला चहा मागितला. तो मिळाला नाही.

हे ऐकून सर खूप हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "फाइल आपल्याले दुरुस्त करता येत नाही. मोजनाराच बदलला पाह्यजे." मी विचारलं, कोण बदलणार? माझ्या प्रकल्पात दारातल्या माणसावर एक प्रकरण झालं, मार्कही बरे पडले. पण तक्त्यात आई बिनकामाचीच राहिली, आणि हे मला रोज भाकरी खाताना टोचायचं.

त्याच वर्षी कॉलेजात तपासणी समिती आली. प्राचार्य सांगत होते, आमच्या ग्रंथालयात रोज शेकडो विद्यार्थी वाचत बसतात. मागच्या खुर्चीतून आवाज आला, "कोनं मोजलं?"

जूनमध्ये सरांना तास मिळाले नाहीत.

निरोप द्यायला मी स्टँडवर गेलो. मनात कुठेतरी होतं की सर तो पेनड्राइव्ह माझ्या गळ्यात घालतील. त्यांनी मेहकरच्या गाडीत जागा धरायला माझा रुमाल खिडकीतून टाकायला लावला, आणि गाडीबरोबर माझा रुमालही गेला. पुढे त्यांचा फोन लागेना. कोणी म्हणे त्यांनी क्लास काढला, कोणी म्हणे पुण्याला गेले. मी प्रत्येकाला विचारलं, कोणी पाहिलं? कोणीच पाहिलं नव्हतं.

आता मी अमरावतीला पुढचं शिकतो. मागच्या महिन्यात आईचा फोन आला.

"गावात सर्वेवाला आल्ता. कंत्राटावर हाय म्हने. गळ्यात करदोट्याले काईतरी लोंबत होतं."

मी खुर्चीवरून उठलो. "मग?"

"तुहा बाप दारातच सांगाले लागला. तं तो म्हने, तुमी बसा दादा, बाईले बोलू द्या."

"तू काय सांगितलंस?"

"सारंच सांगतलं. येचनी, निंदन, ढोरं, पानी. तो टॅबवर लिहून राह्यला होता. मी म्हनलं, काय लिहलं ते वाचून दाखव. त्यानं दाखवलं. काम करते, असं लिहलं बाप्पा. मंग तुह्या बापाले उमाळा आला. म्हने, हिच्याइतकं काम साऱ्या गावात कोनी करत नाही."

"आणि ते काय म्हणाले?"

"तो म्हने, कोनं मोजलं?"

मी पुन्हा खुर्चीत बसलो. विचारलं, "बाबा काय म्हणाले मग?"

"तुहा बाप? चहा मांडाले गेला."