बाळंतिणीची खिडकी

भद्रावतीला माहेरी माझं बाळंतपण झालं, तेव्हा बाळाला न्हाऊ घालायला एक बाई यायच्या. मला त्यांचा रागच यायचा. ऐन थंडीचे दिवस. खाटेखाली कोळशाची शेगडी, आणि वारा लागू नये म्हणून आईनं खिडकीच्या फटींत फडकी कोंबलेली. बाई आल्या की आधी ती फडकी ओढून काढायच्या, खिडकी सताड उघडायच्या, शेगडी उचलून अंगणात नेऊन ठेवायच्या. मगच बाळाला हात लावायच्या. त्या गेल्या की आई पुन्हा सगळं होतं तसं करायची.

एक दिवस आई चिडलीच. "काऊन उघडता रोज? वारा लागन ना तिले!"

बाळाच्या पाठीवरून फिरणारा बाईंचा तेलाचा हात थांबला नाही.

"माह्या पोरीच्या बाळंतपनात मीबी अशीच खिडकी लावली होती, बाई. शेगडी रातभर आतच. कोळशाची गॅस कोंडली. सकाळी पाह्यलं, तर मायलेकरू दोघंबी थंडे."

त्यांनी बाळाला अलगद दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या कुशीत दिलं.

"वारा मात्र लागू देला नाई मी तिले."