डॉक्टर लिलिएनफेल्ड यांचं गप्प घर

डॉक्टर हूगो लिलिएनफेल्ड पदार्थविज्ञान शिकवायला ब्रेस्लाऊहून हैफाला आले आणि माझ्याकडे भाडेकरू म्हणून अडकून पडले. विधुर माणूस, सोबत दहा वर्षांची लेक ट्रूड. डोंगरावरच्या नव्या तंत्रशाळेचे विश्वस्त बर्लिनमध्ये बसून भांडत होते. विज्ञान जर्मनमध्येच शिकवायचं, असा ठराव झाला. हिब्रूचा आग्रह धरणाऱ्या विश्वस्तांनी तिथल्या तिथे राजीनामे दिले, आणि इथे शिक्षक, पोरं संप करून रस्त्यावर आली. तंत्रशाळेला उघडण्याआधीच कुलूप.

डॉक्टरांच्या करारात अट होती: दोन वर्षं हैफा सोडायचं नाही, दुसरीकडे शिकवायचं नाही. त्यांची उपकरणं पेट्यांसकट माझ्या कोठीत पडून. विश्वस्तांना पत्र लिहावं तर उत्तर एकच, "वाट पाहा." बर्लिनला बसून सांगायला काय जातं!

ट्रूड संपावरच्या शिक्षकांनी काढलेल्या हिब्रू शाळेत जाऊ लागली. पोरांनी शपथ घेतली होती: तंत्रशाळेत हिब्रू येईपर्यंत जर्मनचा शब्द तोंडातून काढायचा नाही, घरीसुद्धा. डॉक्टरांना हिब्रू येत नव्हतं. जेवताना मी दुभाषी होऊन मध्ये बसायचे.

"मावशी, त्यांना सांगा, मीठ द्या."

"डॉक्टर, मीठ हवंय लेकीला."

"बाप समोर बसलाय म्हणावं!"

"शपथ आहे म्हणते."

मला पोरीचा राग यायचा, आणि लगेच तिची कीवही.

डॉक्टरांना बापाकडून आलेलं एकच हिब्रू वाक्य पाठ होतं, शुक्रवारी संध्याकाळी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून द्यायचा आशीर्वाद. "देव तुला सारा, रिबेका यांच्यासारखी करो." वर्षानुवर्षं ते त्यांनी म्हटलं नव्हतं. आता दर शुक्रवारी म्हणायचे, सावकाश, संपूच नये असं. ट्रूड मान खाली घालून उभी राहायची. पुढे बोलायला त्यांच्यापाशी काही नसे.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पत्र आलं. विश्वस्त नमले होते, विज्ञान हिब्रूत शिकवणार. तेव्हा डॉक्टरांची गरज उरली नाही, करार रद्द, पुढच्या बोटीने परत यावं.

दुपारी ट्रूड धापा टाकत आली आणि थेट बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, आपण जिंकलो!" चक्क जर्मनमध्ये. चार महिन्यांचं तुंबलेलं सगळं बोलली: शाळा, मैत्रिणी, पडलेला दात. "आता तुम्ही हिब्रू शिका. मी शिकवीन. आपण इथेच राहायचं."

"हो, जिंकलो," ते म्हणाले. पत्र खिशात होतं.

ती हात धुवायला गेली तेव्हा ते माझ्याकडे वळले. "पेस्याबाई, एवढं तुम्हीच सांगा तिला."

चार महिने मी त्यांचे निरोप पोचवले होते. हा निरोप माझ्याच्याने होईना. दिवस मावळताना मी शुक्रवारच्या मेणबत्त्या लावल्या, आणि त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.