सत्त्याण्णवाव्या पानावरच्या दोन ओळी

"ताई, उद्या दुपारपर्यंत फाईल प्रेसला आली नाही, तर पुस्तक मी इथल्या ऑपरेटरला देतो. आणि पुढची कामंही त्यालाच."

दिनेशभाऊ, आमच्या जळगावच्या प्रेसचे मालक, रागावून बोलत नव्हते. त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभी होते. आमच्याकडे फोनला रेंज तेवढ्याच जागी मिळते.

मी डीटीपी ऑपरेटर आहे. म्हणजे लेखकाचा मजकूर कॉम्प्युटरवर टाईप करायचा आणि त्याची पुस्तकासारखी पानं लावायची. माहेर चंदगडकडचं, शाळा नववीत सुटली. लग्न होऊन जळगावात आले तेव्हा मला कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नव्हता. प्रेसमधल्या नानांनी शिकवलं. नाना पारोळ्याचे, रिटायर्ड मास्तर, आमची प्रूफं तपासतात. त्यांचे उपकार कुठे फेडू, कळत नाही.

यंदा नवऱ्याला रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या पॅकिंगवर नोकरी लागली. आम्ही मळ्यातल्या दोन खोल्यांत राहायला आलो. पाखरं आणि पाण्याचा पंप सोडला तर इथे आवाज नाही. "घरून काम करू का?" विचारलं तेव्हा दिनेशभाऊ म्हणाले होते, "बघू." त्या 'बघू'वर मी जीव मुठीत धरून काम करत होते.

पुस्तक होतं नशिराबादच्या एका रिटायर्ड नर्सबाईंच्या आठवणींचं. त्यांना सगळे अक्का म्हणतात. रविवारी प्रकाशन, हॉल ठरलेला. शेवटच्या प्रकरणाच्या दुरुस्त्या नानांनी फोटो काढून पाठवल्या आणि नेमकं नेट गेलं. फोटो उघडेनात. फोन मात्र लागत होता. मग लॅपटॉप गच्चीवर नेला, स्क्रीनवर ऊन येऊ नये म्हणून डोक्यावरून चादर घेतली, आणि नाना तोंडी सांगायला लागले.

"पान नव्वद, ओळ सहा. 'म्हणून'च्या आधी स्वल्पविराम."

"नाना, तिथं कोण थांबतंय? अक्का एका दमात सांगताहेत."

"अक्कांना दम आहे. वाचणाऱ्याचं काय?"

"मी मोठ्यानं वाचून बघितलं. नाही लागत दम."

"तू चंदगडची. डोंगर चढून तुम्हा लोकांची फुफ्फुसं मोठी."

आमचं हे नेहमीचं. नाना नियमानं चिन्हं देतात, मी कानानं. ते म्हणतात व्याकरण बघ. मी म्हणते, तो धडा दहावीत असणार, मी त्याआधीच घरी बसले. पण प्रूफवर शेवटचा शब्द त्यांचा. सगळे स्वल्पविराम टाकले.

टाकले आणि शेवटचं पान बघितलं. पुस्तक शहाण्णव पानांचं. आता सत्त्याण्णवाव्या पानावर दोन ओळी गेल्या होत्या.

दोन ओळींनी एवढं काय, असं वाटेल. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात छापतात. एक पान वाढलं की आख्खा फॉर्म वाढतो आणि बाकी पंधरा पानं कोरी जातात. अक्षर बारीक करता येत नव्हतं. अक्कांच्या मैत्रिणी सगळ्या चष्मेवाल्या, ते आधीच ठरलेलं.

"नाना, दोन ओळी बाहेर गेल्या. दिनेशभाऊ आता मला काढणारच."

नानांनी पानं चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "रडू नको. परिच्छेदाच्या शेवटी एकटाच शब्द लोंबतोय, अशा जागा बघ."

अशा परिच्छेदातलं एखादं चिन्ह काढलं, की तो शब्द वर सरकतो आणि एक ओळ वाचते. दोन जागा सापडल्या. पहिली पान नव्वद.

"तो मघाचाच 'म्हणून' आहे, नाना."

"काढ."

"खरंच?"

"काढ म्हणतो ना, माय! नियम काही उपाशी मरत नाही. दुसरा कुठं?"

"पान त्र्याण्णव. 'परंतु'च्या आधीचा."

"अरे देवा. तो तर आवडता होता माझा. काढ."

दोन्ही ओळी आत आल्या. पण नेट अजून नव्हतंच. संध्याकाळी केळीचा ट्रक जळगावमार्गे जाणार होता. पेनड्राइव्ह प्लास्टिकमध्ये गुंडाळून ड्रायव्हर सलीमभाईंच्या हातात दिला.

"यात काय आहे, ताई?"

"पुस्तक."

"एवढंसं?" त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवून वर बटण लावलं.

सकाळी दिनेशभाऊ प्रेस उघडायला गेले, तर सलीमभाई दारात चहा पीत उभे. रविवारी प्रकाशन झालं. सोमवारी भाऊंचा फोन आला. 'चांगलं झालं' वगैरे काही नाही. "पुढचं पुस्तक पाठवतोय. तो ट्रक रोज असतो का?"

आठवड्याभरानं त्याच ट्रकमधून नानांनी अक्कांच्या पुस्तकाची एक प्रत पाठवली. पान नव्वद आणि त्र्याण्णववर दोन्ही स्वल्पविराम लाल शाईनं परत भरलेले. बाजूला लिहिलं होतं, 'दुसऱ्या आवृत्तीसाठी'.

तेव्हापासून नानांकडे प्रूफ पाठवण्याआधी मी शेवटच्या पानावर सहा ओळींची जागा मोकळी सोडते. त्यांना अजून सांगितलेलं नाही. कळलं तर ते सहाच्या सहा वापरतील.