येताना तीन तास

अंतराच्या बाबतीत जीपवाले अण्णा कुणाच्या बापाचं ऐकत नसत. नोकरीसाठी लातूरहून आलो तेव्हा मुठा गावात मी त्यांच्याकडे खोली घेतली. तिथे काढलेल्या चार वर्षांतली निदान तीन एकाच वादात गेली: सिंगापूर जाताना लांब आणि येताना जवळ कसं?

अण्णांची एकुलती एक लेक सुनंदा लग्न करून तिकडे गेलेली. मी राहायला आलो त्याच वर्षी ती माहेरी आली होती, तेव्हा अण्णांनी तिचं तिकीट मागून घेतलं. मुंबईहून नऊला सुटलेलं विमान तिथे पाचला पोचत होतं आणि तिथून नऊला सुटलेलं इथे बाराला. जाताना आठ तास, येताना तीन. जन्मभर घाटात जीप चालवलेल्या माणसाला यात काहीच नवल वाटलं नाही. "जाताना चढ हाय, येताना उतार," ते म्हणाले.

माझं काम कॉम्प्युटरवर चुका शोधण्याचं, त्यामुळे मला राहवेना. "अण्णा, तिकिटावर जिथली तिथली वेळ असते. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. खरे तास साडेपाचच, जाताना आणि येतानाही." नारळ आणि बॅटरी घेऊन मी त्यांना सूर्य कुठे आधी उगवतो तेही दाखवलं. अण्णांनी सगळं शांतपणे पाहिलं. "नारळ गोल हाय. म्हंजी चढउतार आलाच की." मी नारळ तिथेच ठेवून खोलीत गेलो.

लेक येत नाही का, असं गावात कुणी विचारलं की ते सांगायचे, "तिला यायला तीनच तास लागत्यात. कवाबी यील." हे ऐकून माझं डोकंच फिरायचं. तीन वर्षांत ती फिरकली नव्हती.

यंदाच्या थंडीत अण्णांची छाती भरली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी सुनंदाला फोन केला आणि तिला दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. सकाळी अण्णांनी विचारलं, "सुटलं का?" तिथले नऊ म्हणजे आपले साडेसहा. मी अचूक तेच सांगितलं, "हो, साडेसहाला सुटलं."

अण्णांनी बोटांवर मोजलं. तीन तास विमानाचे, पाच मुंबईहून गाडीचे. अडीचला लेक दारात. दोन वाजता त्यांनी दाढी करून घेतली, टोपी मागितली आणि उशीला टेकून बसले. अडीच झाले, तीन झाले. "अण्णा, ती पाचला येईल, विमानच बाराला उतरलंय," मी पुन्हा पुन्हा सांगत होतो. सुनंदाला फोन लावत होतो, पण तिचा फोन लागत नव्हता.

"उगा समजूत घालू नगा," ते म्हणाले. "न्हाई आली ती." टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. चारच्या सुमारास ते गेले.

सुनंदा पाचला आली.

तिकिटावरची वेळ सांगितली असती, नुसतं 'नऊला सुटलं' म्हणालो असतो, तर अण्णांच्याच हिशेबाने पाच वाजले असते आणि लेक येतेय हे मनात धरून ते गेले असते. चार वर्षांत एकदा तरी मला चुकायला काय झालं होतं?